सातवीचे रुमाल

बाबा, तुम्हाला जाऊन आज एकोणीस दिवस झाले आणि तुमच्या चौदा उत्तरांची मी अजून साधी पोचही दिलेली नाही. ती उत्तरं माझ्या फोनमध्ये आहेत. शाळेच्या वहीची सात पानं, डावीकडे समास आखलेला, प्रत्येक उत्तराच्या आधी माझी शंका जशीच्या तशी उतरवलेली आणि खाली तुमचं गोल, ठसठशीत अक्षर. जर्मनीत, एर्लांगेनच्या घरात, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून ती पानं मी बोटांनी मोठी करून वाचते आहे. तुम्ही पाठवली तेव्हा वाचायला वेळ नव्हता. आता वेळच वेळ आहे, आणि त्याचा कुणाला काही उपयोग नाही.

मी, तुमची सून, तुमच्या शेवटच्या दर्शनालाही आले नाही. आउसलेंडरबेहोर्डेत, म्हणजे इथल्या परदेशी नागरिकांच्या कचेरीत, माझ्या व्हिसाचं नूतनीकरण अडकलं होतं. हातात फक्त एक तात्पुरता कागद, आणि त्या कागदावर देश सोडला तर परत येता येत नाही. तुमचा निखिल एकटा गेला. सगळ्यांनी मला समजून घेतलं. आई तर फोनवर उलट मलाच म्हणाल्या, "तू काहून रडतेस बाई, तुझा नाइलाज होता." नाइलाज होता हे खरं आहे. पण त्याला सोडून विमानतळावरून घरी येताना मला थोडं हायसंही वाटलं होतं, हे त्यांना कुठे माहीत आहे? गावातल्या लोकांच्या डोळ्याला डोळा भिडवावा लागणार नव्हता.

लग्नानंतर पहिल्यांदा गावी आले तेव्हा आई मला देवीच्या देवळात ओटी भरायला नेणार होत्या. तुम्ही म्हणालात, "अर्धा तास थांब. हिला आधी शाळा दाखवतो." चंद्रपूरच्या पुढचं तुमचं गाव, कोळशाच्या उघड्या खाणीला लागून. मी पुण्याची, अंगावर जरीची साडी, आणि तुम्ही मला शाळेच्या लोखंडी शिडीवरून थेट गच्चीवर चढवलंत. वर दोन दोऱ्यांमध्ये पाच पांढरे रुमाल ओळीने ताणून लावलेले होते, चारी टोकांना चिमटे. "हे सातवीचे रुमाल," तुम्ही म्हणालात. सोमवारी लावायचे, पुढच्या सोमवारी काढायचे. मग खिशातून रंगाच्या दुकानातलं शेडकार्ड काढलंत. पांढऱ्यापासून पाटीच्या काळ्यापर्यंत सोळा चौकोन, प्रत्येकावर बॉलपेनने नंबर. खाणीच्या धुळीने आठवड्यात किती काळे पडले ते मुलं रुमाल त्या चौकोनांशी लावून बघत आणि नंबर वहीत लिहीत. "आज सात नंबर आहे. खाणीत संप होता त्या आठवड्यात तीन होता. दिवाळीत अकरा."

मी हसले. तुम्हाला ते कौतुक वाटलं आणि तुम्ही आणखी दोन वह्या दाखवल्यात. ते कौतुक नव्हतं, बाबा. मी तेव्हा पर्यावरणाच्या अर्थशास्त्रात पीएचडी करायला जर्मनीला निघाले होते. उपग्रहाचे आकडे, देशोदेशीची कोष्टकं यांत वावरणारी मी. रंगाच्या दुकानातलं शेडकार्ड बघून मला गंमत वाटली, आणि रात्री निखिलला तसं सांगितलंही. तो म्हणाला, "हसू नकोस, मीही त्यांच्याच सातवीत होतो, तेव्हा रुमाल नव्हते एवढंच." तरी आम्ही दोघं हसलोच.

गेल्या उन्हाळ्यात तुम्ही आणि आई इथे तीन महिने राहून गेलात. आई पहिल्या आठवड्यातच कंटाळल्या, तुम्ही मात्र कामाला लागलात. कचऱ्याच्या गाड्यांचं वेळापत्रक तुम्ही भिंतीवर लावलंत. दह्याचा डबा धुऊन, त्याचं झाकण वेगळं करून कुठल्या पिशवीत टाकायचं यावर तुमचं आणि इराचं रोज भांडण व्हायचं. तुम्ही मराठीत विचारायचात आणि तुमची सात वर्षांची नात कंबरेवर हात ठेवून जर्मनमध्ये उत्तर द्यायची. "नाइन, आजोबा, दास इस्ट फाल्श!" तुम्ही मान डोलवायचात. "बरोबर आहे मास्तरीणबाई, चुकलो." चूक कबूल करताना तुम्हाला कधी जड गेलं नाही. मला ते शिकता आलं नाही, नाहीतर हे सगळं लिहायची वेळच आली नसती.

आमच्या बाल्कनीत सोलरचं एक पॅनल लावलेलं आहे, इथे बऱ्याच घरांत असतं तसं. तुम्ही त्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसायचात, जूनमध्येही कानटोपी घालून. "एवढ्यावर काय चालतं?" "फ्रिज चालतो, बाबा." "आणि बाकीचं?" "बाकीचं ग्रिडवरून. त्यातलंही बरंचसं वारा आणि सूर्यच."  "आमच्या कोळशावर पुण्या-मुंबईचे फ्रिज चालतात," तुम्ही म्हणालात, "आणि आमच्याकडे रोज दोन तास लाइट जाते." तक्रार नव्हती त्यात, नुसती माहिती होती. मला मात्र ते लागलं, आणि मी उगाचच तुम्हाला जर्मनीत वीज किती महाग आहे ते सांगत बसले.

मग तुम्ही बाल्कनीतही रुमाल लावलात. पहिल्या आठवड्याने काढला तर पांढरा तो पांढराच. दुसऱ्या आठवड्यात तो वाऱ्याने उडून खाली फ्राउ लिंडनर यांच्या अंगणात पडला. त्यांनी तो धुतला, इस्त्री केला, चौघडी घालून दारात आणून दिला. तुम्ही त्यांना वाकून नमस्कार केलात आणि आत येऊन वहीत लिहिलंत: एर्लांगेन, आठवडा दुसरा, शेजारणीने धुतला, नोंद बाद. मी म्हटलं, "कशाला लिहिता, सोडून द्या ना तो आठवडा." तुम्ही म्हणालात, "बाद करायचं तर काहून बाद केलं ते लिहावं लागते ना. नाहीतर उद्या कोणीही काहीही बाद करीन." त्याच दिवसांत मी माझ्या पेपरमधून सहा देश वगळले होते, कारण त्यांच्यामुळे निकाल मनासारखा येत नव्हता. माझ्या पेपरात त्याला एक ओळीची तळटीप आहे.

तिसऱ्या आठवड्यात तुमचा वर्षानुवर्षांचा खोकला थांबला. आईंच्या लक्षात आलं, निखिलच्या आलं, माझ्याही आलं. जेवताना कुणीच त्याबद्दल बोललं नाही. नंतर निखिलने व्हिसा वाढवता येईल का याची चौकशी करून पाहिली, तर तुम्ही म्हणालात, "रुमाल कोण लावणार?" निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी शाळेने गच्चीची किल्ली तुमच्याकडेच ठेवली होती. तुम्ही परत गेलात आणि पंधरा दिवसांत फोनवर पुन्हा खोकला ऐकू यायला लागला.

त्याआधी आपण लायपझिगजवळच्या तळ्यावर गेलो होतो. तो दिवस मी बऱ्याचदा आठवते, पण आठवावासा वाटतो असं नाही. मीच हौसेने नेलं होतं, गाडीने अडीच तास, मुद्दाम. मला तुम्हाला दाखवायचं होतं की कोळशाच्या खाणीचं असंही होऊ शकतं. निळं पाणी, शिडाची होडकी, काठावर सायकली. इरा आइस्क्रीम खात होती. मी विजयी मुद्रेने म्हटलं, "बाबा, ही उघडी खाण होती. तुमच्याकडे आहे तशीच." तुम्ही बराच वेळ पाणी बघितलंत. मग काठावरच्या फलकाजवळ गेलात. खाणीत गेलेल्या गावांची नावं होती त्यावर. तुम्ही ती अडखळत, एकेक अक्षर लावत मोठ्याने वाचलीत. कुणी पाहुणे आल्यावर वर्गाचा पट वाचावा तशी. मग विचारलंत, "इथली माणसं कुठं गेली?" मला माहीत नव्हतं. एवढी वर्षं मी याच विषयावर काम करते आहे आणि मला माहीत नव्हतं.

तिथल्या बाकावर बसून तुम्ही मला माझा पेपर समजावून सांगायला सांगितलंत. मी सोप्या भाषेत सांगितलं. एका बाजूला तीन गोष्टी: देश किती वीज वाऱ्यापासून आणि उन्हापासून बनवतो, जमिनीतून किती ओरबाडतो, आणि माणसं किती शिकलेली आहेत. दुसऱ्या बाजूला हवापाण्याची गुणवत्ता. "निष्कर्ष काय?" "शिक्षण वाढलं की हवा सुधारते. माणसं जागरूक होतात, नियमांचा आग्रह धरतात."

"कुठली हवा?" तुम्ही विचारलंत.

"म्हणजे?"

"अदिती, मी एकतीस वर्षं शिकवलं. माझे जे पोट्टे चांगले शिकले ते गावात राहिले नाहीत. कोणी पुण्याला, कोणी बेंगळुरूला, निखिल इथं. ते जिथं गेले तिथली हवा सुधारत असेल. आमच्या हवेसाठी भांडायला शिकलेला माणूसच राहिला नाही. मीच शिकवून शिकवून गाव रिकामं केलं, असं वाटते कधीकधी."

मी वाद घातला. आकडे देशाचे असतात, गावाचे नसतात, असं काहीतरी म्हणाले. तुम्ही म्हणालात, "गेनाऊ." 'अगदी बरोबर' या अर्थाचा हा शब्द तुम्ही नुकताच फ्राउ लिंडनरकडून उचलला होतात आणि कुठेही वापरायचात. "तेच तर मी सांगून राहिलो. गाव तुमच्या आकड्यात दिसतच नाही." तेवढ्यात इराचं आइस्क्रीम मातीत पडलं, ती भोकाड पसरून रडायला लागली आणि ते बोलणं तिथेच राहिलं.

ते राहिलं नाही, बाबा. मी ते उचललं. माझ्या पेपरच्या शेवटच्या परिच्छेदात एक वाक्य आहे: शिकलेल्यांच्या स्थलांतरामुळे शिक्षणाचा लाभ मूळ जागेऐवजी दुसरीकडे पोचण्याची शक्यता या अभ्यासात तपासलेली नाही. ज्यांनी पेपर तपासला त्यातल्या एकाने नेमकं हेच वाक्य विशेष आवडल्याचं लिहिलं. पेपरच्या शेवटी मी प्रोफेसरांचे आभार मानले, दोन सहकाऱ्यांचे मानले, ज्यांची नावंही ठाऊक नाहीत त्या तपासनिसांचे मानले. तुमचं नाव नाही. छापून आल्यावर मी तुम्हाला लिंक पाठवली. तुम्ही शब्दकोश घेऊन चार दिवस ते वाचलंत आणि मग फोन केलात. "कठीण आहे, पण शेवटचं वाक्य चांगलं आहे." एवढंच म्हणालात आणि इराला फोन द्यायला सांगितलंत.

आता पत्राबद्दल. ते लांबवण्यासाठीच मी इतकी पानं खर्च केली.

दिवाळीच्या आधी तुमचा फोन आला. खाण शाळेच्या बाजूने पुढे सरकवायची होती आणि त्यावर जनसुनावणी लागली होती. तुम्हाला अकरा वर्षांच्या रुमालांच्या नोंदी तिथे मांडायच्या होत्या. "दोन पानांचं पत्र पाहिजे. इंग्रजीत, तुझ्या संस्थेच्या कागदावर. खोटं काही लिहू नको. ही पद्धत ग्राह्य धरता येते का, एवढंच लिही. धरता येत नसेल तर तसं सांग, मी नेणार नाही." मी म्हटलं, "बघते, बाबा." निखिल शेजारीच होता. फोन ठेवल्यावर त्याने विचारलं, "देशील ना?" मी म्हटलं, "अर्थात."

संस्थेचा कागद वापरायचा तर प्रोफेसरांना विचारावं लागणार होतं. माझं कॉन्ट्रॅक्ट संपत आलं होतं, मुदतवाढीचा अर्ज त्यांच्याच टेबलावर होता. त्यांच्यासमोर जाऊन रंगाच्या दुकानातलं शेडकार्ड आणि माझे सासरे या दोन गोष्टी एका वाक्यात म्हणायची मला लाज वाटली. हो, लाज. दुसरा शब्द शोधून पाहिला, सापडला नाही.

म्हणून मी आमच्या धंद्यातली पळवाट काढली. आमच्याकडे एखाद्याचा लेख नाकारायचा नसेल आणि स्वीकारायचाही नसेल तर शंकांची यादी पाठवतात. लिहिणारा बिचारा महिनाभर त्यात गुंततो. मी तुम्हाला चौदा शंका पाठवल्या. रुमालाचं कापड दरवेळी तेच असतं का? मुलांची नजर सारखी नसते, मग नंबर कुणी ठरवायचा? शेडकार्डाचा रंग उन्हाने उडत नाही का? पावसाच्या आठवड्यांचं काय? खाणीपासून दूर तुलनेसाठी एखादी जागा आहे का? शंका सगळ्या रास्त होत्या, हे मी आजही म्हणेन. पण त्या मी उत्तरं मिळावीत म्हणून विचारल्या नव्हत्या.

तुम्ही आठ दिवसांत उत्तरं पाठवलीत. कापड एकाच दुकानातला मांजरपाट, एकाच ताग्यातला, नवा तागा घेतला की दोन आठवडे जुना-नवा शेजारी शेजारी लावून पाहिला. तीन मुलं एकमेकांना न सांगता नंबर लिहितात, मधला धरतात. कार्ड ट्रंकेत ठेवतो, दरवर्षी नवं आणून जुन्याशी ताडून बघतो. पावसाचा आठवडा लाल शाईने लिहिलेला आहे, धरू नये. आणि तुलनेसाठी जागा आहे: तुमच्या बहिणीचं गाव, खाणीपासून लांब, नऊ वर्षं आत्या तिथे अंगणात रुमाल लावताहेत. हे तुम्ही इतक्या वर्षांत कधी बोलला नव्हतात, कारण कुणी विचारलंच नव्हतं. नवव्या शंकेपुढे लिहिलंय: "हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. तुझं बरोबर आहे. यापुढे वाऱ्याची दिशा लिहीन."

मी ती पानं उघडली नाहीत. खोटं कशाला बोलू, पहिलं पान उघडलं, समास दिसला, "हे सविस्तर बघायला हवं" असं मनाशी म्हटलं आणि फोन उपडा ठेवला. त्याच आठवड्यात माझा पेपर दुरुस्त करून पाठवायचा होता. शिक्षणाने हवा कशी सुधारते ते सांगणारा.

आणखी एक गोष्ट आहे, ती मी निखिललाही सांगितली नव्हती. तुमची पद्धत जुनीच आहे, बाबा. शंभर वर्षांहून जास्त काळ युरोपातले कारखान्यांचे निरीक्षक हातात करड्या छटांचं कार्ड धरून धुराड्याच्या धुराशी ताडून बघायचे आणि त्यावर दंडही करायचे. हे मी पहिल्या सत्रात शिकले आहे. पुढे दोन वर्षं इथल्या विद्यार्थ्यांना मी ते शिकवलंही, स्लाइडवर कार्डाचं चित्र होतं. तुम्ही गच्चीवर खिशातून शेडकार्ड काढलंत तेव्हा ते मला माहीत नव्हतं, पण तुम्ही पत्र मागितलंत तेव्हा पक्कं माहीत होतं. एक ओळ लिहिली असती तरी चाललं असतं. निदान तुम्हाला फोनवर सांगितलं असतं तर तुम्हाला किती आनंद झाला असता. मी तोही होऊ दिला नाही.

सुनावणीच्या दिवशी संध्याकाळी फोन केला तर तुम्ही म्हणालात, "झालं. बोललो मी." मी काही विचारलं नाही. नंतर कळलं, तिथल्या अधिकाऱ्याने वह्या चाळल्या आणि विचारलं, हे कुठल्या यंत्रावर मोजलं. तुम्ही म्हणालात, सातवी अ आणि सातवी ब. मागे बसलेली माणसं हसली आणि पुढचं नाव पुकारलं गेलं.

त्याच संध्याकाळी निखिल तुमच्याशी फोनवर मोठ्याने बोलत होता. मी इराचा अभ्यास घेत होते, भिंतीपलीकडून नीट ऐकू येत नव्हतं. "असं कसं विसरता, बाबा? एवढं महत्त्वाचं असताना?" मला वाटलं, औषधाबद्दल चाललंय. बीपीची गोळी तुम्ही विसरायचात. मी बाहेर येऊन त्यालाच दटावलं, "म्हाताऱ्या माणसावर ओरडू नये." तो उठून आत निघून गेला. त्यानंतर तुम्हा दोघांचं बोलणं थोडं तुटकच राहिलं, आणि मग या हिवाळ्यात तुम्ही तीन दिवस दवाखान्यात राहिलात आणि गेलात.

मागच्या रविवारी शाळेने शोकसभा ठेवली होती. हेडसर मोहुर्ले यांनी फोन स्टुलावर उभा करून मला व्हिडिओवर जोडून घेतलं. तिकडे दुपार, इकडे सकाळ. पटांगणात सतरंज्या, तुमचा फोटो, पहिल्या रांगेत आई आणि निखिल. रंगाच्या दुकानाचे मालक बोलायला उभे राहिले. तेही तुमचेच विद्यार्थी. ते म्हणाले, "सुनावणीला मीच सरांना गाडीवर घेऊन गेलो होतो. परत येताना मी विचारलं, सर, ताईंचं जर्मनीहून पत्र येणार होतं ना? सर म्हणाले, आलं ना, चांगलं पत्र आलं, मीच घरी टेबलावर विसरलो. आम्ही सरांना लई बोललो. गावात सगळेच बोलले. निखिलदादा फोनवर रागावला. सर म्हणाले, वय झालं रे आता. आयुष्यात सर काही विसरले नव्हते, तेवढंच विसरले." लोक हळूच, मायेने हसले. आई पदराने डोळे पुसत हसल्या. निखिलने मान खाली घातली.

माझा आवाज बंद होता. स्क्रीनच्या कोपऱ्यात माईकचं चित्र होतं, त्यावर एकदा बोट ठेवलं की मी बोलू शकले असते. मी बोट ठेवलं नाही. सभा संपेपर्यंत हात जोडून बसून राहिले. तुम्हाला वाटलं असेल, सून आहे, तिला घरात सगळ्यांसमोर खाली बघायला लागू नये. जो माणूस शेजारणीने धुतलेला रुमालसुद्धा कारण लिहून बाद करतो, त्याने माझ्यासाठी पूर्ण गावाला खोटं सांगितलं आणि वर पोराच्या शिव्याही खाल्ल्या. का केलंत असं? एकदा रागावला असतात तर मी सुटले असते. तुमचा मला आता रागही येतो आणि तो राग करायचा मला काही हक्क नाही.

सोमवारी मी प्रोफेसरांकडे गेले आणि तुमच्या सात पानांचे फोटो दाखवले. त्यांनी चष्मा वर करून ते तासभर बघितले. मग म्हणाल्या, "हे तू मला तेव्हाच का दाखवलं नाहीस? मी स्वतः सही केली असती." मी खोलीत परत आले आणि पत्र लिहायला बसले. चाळीस मिनिटं लागली. वेळ बघितला म्हणून सांगते.

काल मोहुर्ले सरांचा मेसेज आला. शाळा तुमची स्मरणिका काढते आहे. मी दोन पानं लिहावीत, आणि जे पत्र सर घरी विसरले त्याची प्रतही पाठवावी, ती शेवटच्या पानावर छापायची आहे. खाणीची फाइल अजून वर फिरते आहे, तिकडेही ती जोडता येईल. "तुमच्याकडे कॉपी असेलच, ताई." माझ्याकडे प्रोफेसरांच्या सहीचं पत्र होतं. वरची तारीख फक्त चार महिने मागे न्यायची होती. मी ती नेलीही, बाबा. फाइल सेव्ह केली, मेसेजला जोडली, पाठवायची तेवढी राहिली. तुमचं खोटं त्यामुळे खरं ठरलं असतं, आणि मीही सुटले असते.

मग परवाच गावाहून परतलेल्या निखिलला मी बोलावलं आणि हे सगळं, वरची पहिली ओळ ते इथपर्यंत, त्याला वाचून दाखवलं.  संपल्यावर तो उठून बाल्कनीत गेला. बऱ्याच वेळाने आत आला तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाला, "मी त्यांना किती बोललो."   आईंना तो उद्या फोनवर सांगणार आहे, मीच सांगेन असं म्हटलं तर नको म्हणाला.

मोहुर्ले सर, दोन पानं मागितली होतीत, ही बरीच जास्त झाली. सोबत पत्र आहे, आजच्या तारखेचं. ते फाइलला जोडा, उपयोग होतोय का बघा. दिवाळीच्या वेळचं पत्र माझ्याकडे नाही, कारण ते मी लिहिलंच नव्हतं. हा लेख छापाल तेव्हा एवढं मात्र गाळू नका: सुनावणीला निघाले तेव्हा बाबा घरी काहीही विसरले नव्हते.